तात्यांचा लॅपटॉप आणि चौथीचा पट

मुखेड, ८ जुलै २०१८

चि. विशाखा,

आशीर्वाद आहेतच, ते कुठं पळून जात नाहीत. आधी तक्रार ऐक.

तुझ्या बापानं टाकून दिलेला आणि तू उन्हाळ्यात मला मोठ्या कौतुकानं चालवायला शिकवलेला तो लॅपटॉप माझ्याहून म्हातारा झाला. सकाळी बटण दाबतो, चहा ठेवतो, चहा पितो, अंघोळ उरकतो, देवाला फूल वाहतो, तरी ते निळं चक्र आपलं गोल गोल फिरतंय. काल घड्याळ समोर ठेवलं. एकोणीस मिनिटं! त्यात बॅटरी मेलेली. लाईट गेली की सगळं बंद, आणि मुखेडात लाईट किती वेळा जाते ते तुला मी सांगायला नको. म्हणजे पुन्हा एकोणीस मिनिटं.

मोबाईलच्या दुकानातला बसवंत म्हणाला, "गुरुजी, फॉरमॅट मारून देतो, नवाकोरा होईल." मी म्हणालो, थांब बाबा, माझ्या नातीला विचारतो. तुमच्या वसतिगृहात मोबाईल चालत नाही आणि माझ्या कानाला फोन चालत नाही, म्हणून हे पोस्टाचं कार्य.

मला घाई का, ते तुला ठाऊक आहे. तीस सप्टेंबरला भूकंपाला पंचवीस वर्षं होतात. माझ्या शाळेच्या गावची, सांगवाडीची, माणसं येऊन सांगून गेली, नव्या गावात कार्यक्रम आहे, गुरुजी, तुमच्या वर्गातल्या पोरांवर लिहून आणा, आम्ही शाळेत जपून ठेवू. चौथीच्या पटावर बत्तीस होती. तेवीस गेली. शाळेचं दप्तर मातीत गेलं. काही पोरांच्या घरातलं तर कुणीच मागं राहिलं नाही. त्यांचं हसणं-बोलणं आठवणारा जगात मी एकटा आहे, आणि मी अठ्ठ्याहत्तरचा. हात कापतो, माझं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागत नाही, म्हणून टाईप करणं आलं. नऊ मुलं झाली. चौदा राहिली. या वेगानं दिवाळी उजाडेल.

तूच शिकवलंस, तूच निस्तर.

तुझा
तात्या

---

लातूर, १४ जुलै २०१८

प्रिय तात्या,

इथूनच पाय शिवले, पोचले असं समजा.

पहिली गोष्ट. बसवंतकाकांना लॅपटॉपला हात लावू देऊ नका! फॉरमॅट म्हणजे पाटी ओल्या फडक्यानं पुसायची. लॅपटॉप पळायला लागेल हो, पण तुमची नऊच्या नऊ पोरं जातील.

आता मी सांगते ते एक-एक करा. लॅपटॉप सतरंजीवर ठेवत असाल, मला माहीतंय. तो पाटावर ठेवा, खालून वारा लागू द्या. बाजूच्या जाळीतली धूळ जुन्या ब्रशनं काढा. बाबांच्या वेळचे गेम आहेत, ते कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन काढून टाका. डिस्क क्लीनअप करा, वहीत कसं ते लिहून दिलं होतं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे स्टार्ट दाबून ऑल प्रोग्राम्समध्ये जा, तिथं स्टार्टअप नावाचं फोल्डर दिसेल. त्यात जे असतं ते लॅपटॉप सुरू झाला की आपोआप उघडतं. तिथं जे काय असेल ते सगळं काढून टाका. म्हातारा माणूस उठल्याबरोबर त्याच्या डोक्यावर पोती ठेवल्यासारखं होतंय ते.

माझं बरं चाललंय. सकाळी सहाला मशीनवर अंगठा लावायचा, हजेरी लागते. मग डॉक्टरकीच्या क्लासला दोनशे जणांत बसायचं. माझा नंबर ११४७. दर रविवारी टेस्ट होते आणि मार्कांवर बॅच बदलते, त्यामुळं शेजारी बसलेल्या पोरीचं नाव विचारेस्तोवर ती निघून जाते. मेसमधली आमटी लई पातळ.

तात्या, एक काम करा ना. गणपतीत मला दोन दिवस मुखेडला यायचंय. बाबा नाही म्हणतात. कारण काय, विचारतात. तुम्ही सांगितलं तर ऐकतील.

तुमची
विशाखा

---

मुखेड, २५ जुलै २०१८

चि. विशाखा,

पाट घेतला. धूळ काढली, जाळीतून कापसासारखा बोळा निघाला. पत्त्यांचे चार खेळ काढले. डिस्क साफ केली. स्टार्टअपमध्ये काही विशेष नव्हतं.

दोन दिवस बरा चालला, सतरा मिनिटांत उठला. मला वाटलं, जिंकलं! पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आज बावीस लागली. उठल्यावरही तीच गत. एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर यायला इतका वेळ, की मी पुढचं वाक्य विसरतो. अकरा मुलं झाली. काल पंढरीवर लिहिलं. हा पोरगा वर्गात एका जागी बसायचा नाही, म्हणून मी त्याला पाण्याचा माठ भरायचं काम दिलं होतं. रोज पहिला पेला मला आणून द्यायचा आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभा राहायचा. एवढंच लिहायला चार तास गेले. दोनदा लाईट गेली.

रजेचं लिहिलंस. त्यात मला घालू नकोस. रजा द्यावी की न द्यावी, यावर बोलायचा अधिकार माझा नाही. तुझे वडील सांगतील तसं कर.

रोज दूध घेत जा.

तात्या

---

लातूर, ४ ऑगस्ट २०१८

तात्या,

नमस्कार.

रजेचं कळलं. तुम्ही पण मास्तरच निघालात. मला वाटलं होतं, तुम्ही तरी माझ्या बाजूनं बोलाल. जाऊ द्या, पुन्हा नाही विचारणार.

लॅपटॉपचं. नुसतं "हळू आहे" म्हणून मला इथून काही कळत नाही. आमचे फिजिक्सचे सर म्हणतात, आधी मोजा, मग बोला. रोज सकाळी बटण दाबल्यापासून चक्र थांबेपर्यंत किती मिनिटं लागली, ते तारखेसकट लिहून पाठवा. दोन आठवडे. त्या दिवशी दुसरं काही नवीन घडलं असेल तर तेही लिहा.

विशाखा

---

मुखेड, १९ ऑगस्ट २०१८

चि. विशाखा,

रागावलीस. बरं. राग कागदावर उतरला तर चांगलंच, पोटात राहिला की त्रास होतो.

तक्ता सोबत वेगळ्या कागदावर आहे. तुझ्या सरांना दाखव, म्हणावं मुखेडच्या मास्तरानं रेघा पट्टीनं मारल्यात. तारीख, मिनिटं, आणि तू नवीन काही घडलं तर लिहा म्हणालीस म्हणून तिसऱ्या रकान्यात त्या दिवसापर्यंत लिहून झालेली मुलं. माझ्याकडं रोज नवीन एवढंच घडतं.

आज अठ्ठावीस मिनिटं लागली. पंधरा मुलं झाली. आठ राहिली आणि दिवस एक्केचाळीस. शिवप्पाचं झालं. त्याला पाढे यायचे नाहीत, पण गावातल्या प्रत्येक म्हशीचं नाव, तिच्या आईचं नाव, सगळं पाठ. मी त्याला बाकावर उभा करायचो. आज लिहिताना वाटलं, एकदा तरी म्हशींचीच परीक्षा घ्यायला हवी होती.

एक मुलगी आहे, मंजुळा. तिचं सगळ्यात शेवटी लिहिणार आहे. वेळ उरला तर.

तुझी तब्येत कशी आहे ते तू लिहिलं नाहीस.

तात्या

---

लातूर, २६ ऑगस्ट २०१८

तात्या,

तुम्ही माझ्याशी खोटं बोललात.

तक्ता बघितला. अकरा मुलं होती तेव्हा बावीस मिनिटं. तेरा झाली तेव्हा पंचवीस. पंधरा झाली तेव्हा अठ्ठावीस. मी आलेख काढला, सरळ रेघ येते! ज्या दिवशी नवीन मूल होत नाही त्या दिवशी वेळही वाढत नाही. म्हणजे एका मुलामागं दीड मिनिट. नुसतं लिहून ठेवल्यानं असं होत नसतं, तात्या. फाईल पडून असली तर लॅपटॉपला तिचं काही ओझं नसतं. ती दर वेळी उघडत असली तरच होतं.

स्टार्टअपमध्ये काही विशेष नव्हतं, असं लिहिलंत. तिथं तुमची मुलं आहेत. हो ना? प्रत्येक फाईल पूर्ण झाली की तुम्ही ती तिथं ठेवता. शिवाय प्रत्येकीत तुमच्या जुन्या टिपणवहीच्या पानांचे मोठाले फोटो चिकटवलेत, ते कसे चिकटवायचे ते मीच शिकवलं होतं. पंधरा पोरं रोज सकाळी एकदम उठवायला लावताय तुम्ही त्या दोन जीबीच्या मशीनला.

तेवीस होतील तेव्हा चाळीस मिनिटं लागतील. त्याच्या आधीच ते बंद पडेल, आणि मग बसवंतकाकांशिवाय इलाज राहणार नाही.

काढून टाका असं मी आता म्हणत नाही. पण तुम्ही असं का करताय ते मला सांगा. मी रागावलेले नाही. खरंच नाही.

विशाखा

---

मुखेड, ५ सप्टेंबर २०१८

चि. विशाखा,

पकडलंस. आज शिक्षक दिन, आणि धडा मला मिळाला.

हो, मुलं तिथं आहेत. उन्हाळ्यात तू सांगितलं होतंस, यात ठेवलं की आपोआप उघडतं. पहिली फाईल झाली, पंढरीच्या शेजारी बसणाऱ्या रामकिशनची, ती मी सहज ठेवून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही न करता रामकिशनचं नाव पडद्यावर आलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "रामकिशन." आणि मीच म्हणालो, "हजर." तेव्हापासून रोज सकाळी एक-एक फाईल उघडते, मी नाव घेतो, हजर म्हणतो. एकोणीस मिनिटं काय आणि अठ्ठावीस काय, तो वेळ माझा वाया जात नव्हता. तुझ्याकडं तक्रार केली ती पुढचं लिहिणं अडत होतं म्हणून. सगळं काढून टाका, असं तू लिहिलंस तेव्हा माझा हातच उचलेना.

आता रजेचं सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आजीलाही नाही.

त्र्याण्णव साली अनंत चतुर्दशी बुधवारी होती. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बारा वाजता आमच्या शाळेची तपासणी होती, साहेब येणार होते. मी सोमवारीच वर्गात बजावलं, गुरुवारी पटावर बत्तीस आणि हजर बत्तीस पाहिजेत. एकही गैरहजर चालणार नाही. मंगळवारी मंजुळा टेबलाजवळ आली. नऊ वर्षांची पोर, परकराचा काठ बोटाला गुंडाळत उभी राहिली. "गुर्जी, रजा पायजे. आई मामाकडं उदगीरला चाललीय, पाच दिस." मी विचारलं, कारण काय? लग्न आहे? कुणी आजारी आहे? ती म्हणाली, "न्हाई. जावं वाटतंय." मी म्हणालो, "हे काय कारण झालं का?" वर्ग हसला. मीही हसलो. रजा दिली नाही. पोरीला एकटं ठेवून आई कशी जाईल? दोघीही थांबल्या.

बुधवारी संध्याकाळी विसर्जनाला मी मात्र मुखेडला घरी आलो. गुरुवारी पहिल्या एसटीनं परतणार होतो. पहाटे चार वाजायला आले असताना जमीन हलली. मिळेल त्या गाडीनं आणि शेवटी चालत मी दुपारी सांगवाडीला पोचलो, तेव्हा गाव नव्हतं. मंजुळा आणि तिची आई एकाच ठिकाणी सापडल्या. माझं दप्तर मातीत गेलं म्हणून सगळे हळहळले. मला मनातून बरं वाटलं, विशाखा. त्या पटावर तिचं नाव मला पाहायचं नव्हतं.

त्यानंतर पाच वर्षं नोकरी केली. कुणी रजा मागितली की मी अर्ज न वाचता हेडमास्तरांकडं सरकवायचो. तुलाही मी तसंच सरकवलं. तू समजलीस, तात्या कडक आहेत. कडक नाही, पोरी. भित्रा आहे.

तिचं लिहायला बसलो की बोटं थांबतात. लॅपटॉप हळू आहे, ही सबब मला बरीच पडत होती.

तात्या

---

लातूर, ११ सप्टेंबर २०१८

तात्या,

तुमचं पत्र जिन्यात बसून वाचलं. दोनदा वाचलं. लई रडले. भूकंप तुम्ही आणला नव्हता, असं मी लिहिणार होते, पण ते तुम्हाला आधीच लोकांनी शंभरदा सांगितलं असेल आणि त्याचा काही उपयोग झाला नसेल.

म्हणून मी मला येतं तेवढं सांगते. एक नवीन फाईल करा. तिच्यात फोटो नको, काही नको, फक्त नावं, एकाखाली एक, पटावर लिहायचात तशी. तेवढी एकच फाईल स्टार्टअपमध्ये राहू द्या. बाकीच्या सगळ्या "चौथी" नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. हलवा, पुसू नका. नावावर बोट ठेवून हजेरी घ्या. ज्याला भेटावं वाटेल त्याची फाईल उघडा. मुलं कुठं जात नाहीत, तात्या. रोज सगळ्यांना एकदम उठवायची गरज नाही. लॅपटॉप पाच-सहा मिनिटांत सुरू होईल. आणि बसवंतकाकांकडून सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. आणि मंजुळाला शेवटी ठेवू नका. उद्याच तिचं लिहा.

आता माझं. मी पण खोटं बोलले. माझं बरं चाललेलं नाही. जुलैपासून मी शेवटच्या बॅचमध्ये आहे. सकाळी सहाला अंगठा लावते आणि मागच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसते. महिना झाला, दिवसभर तिथंच असते. मशीनवर माझी हजेरी पूर्ण आहे, तात्या. मी तिथं नसते आणि कुणाला कळतही नाही, कारण नाव कुणी घेतच नाही. जेवण जात नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात आणि वाचता येत नाहीत. डॉक्टर व्हायचंच नाही असं नाहीये. सध्या मला काहीच होता येईना झालंय.

दर रविवारी वसतिगृहाच्या फोनवर बाबा विचारतात, घरी यायला कारण काय? आजारी आहेस का? कुणी काही बोललं का? मी म्हणते, नाही. मग ते म्हणतात, मग टेस्ट का बुडवायची? त्यांचंही खरंय. माझ्याकडं कारण नाही. यावं वाटतंय, एवढंच.

हे लिहून झाल्यावर पाकीट फाडून टाकणार होते. पण तुम्ही तुमचं लिहिलंत.

तुमची
विशाखा

---

मुखेड, २६ सप्टेंबर २०१८

चि. विशाखा,

हे पत्र पोस्टानं यायचं नाही. मीच घेऊन येतोय. उद्या सकाळच्या लातूर एसटीनं निघतो, दुपारी तुमच्या गेटवर असेन. तुझं पत्र पोचायला गणपतीमुळं दहा-बारा दिवस लागले, एरवी आधीच आलो असतो.

तुझ्या बापाला मी कागद लिहिला नाही. काल नांदेडला गेलो, समोर बसलो. मला ऐकू येत नाही म्हणून त्यानं वहीवर लिहिलं, "टेस्ट बुडेल." मी त्याच्याखाली लिहिलं, "बुडू दे." मग तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. तुला न विचारता दिलं, त्याबद्दल माझ्यावर रागाव. त्यानं ते वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग अर्जावर सही केली. तो रविवारी सांगवाडीला येतोय. रागवायला नाही येत, मी विचारून घेतलंय.

लॅपटॉप साडेपाच मिनिटांत उठतो! चहा उकळायच्या आत. पहिल्या दिवशी मी घाबरलोच, काही पुसलं की काय. पण "चौथी"त सगळी होती. तेवीसही झाली. बसवंतनं पेनड्राइव्हवर प्रत घेतली, पैसे घेईना. त्याची आत्या किल्लारीकडं दिली होती, तीही भूकंपात गेली म्हणाला. हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

मंजुळाचं त्याच दिवशी लिहिलं. दीड पान झालं. तिला वर्गात सगळ्यात आधी चिंचेला मोहोर आलेला दिसायचा, ते लिहिलं. रजेचंही लिहिलं, होतं तसं. सांगवाडीला रविवारी ते सगळ्यांसमोर वाचणार आहे. आवाज गेला तर पुढचं तू वाचशील ना? त्यासाठी तू शेजारी हवीस.

नावांची फाईल तू म्हणालीस तशी केली. नावासमोर रकाना आखला, तारीख टाकली, तीस सप्टेंबर त्र्याण्णव. बावीस जणांपुढं हजर लिहिलं. मंजुळापुढं लिहिलं, रजेवर. आता रोज सकाळी तिच्या नावाशी आलो की मी हजर म्हणत नाही. तसाच पुढं जातो.

अर्ज सोबत आहे. तुमच्या रेक्टर मॅडमना द्यायच्या आधी तू वाचून घे. शुद्धलेखन मी तपासलंय.

तुझा
तात्या

---

मा. रेक्टर मॅडम,
मुलींचे वसतिगृह, लातूर यांस,

विषय: कु. विशाखा, क्रमांक ११४७, हिला रजा मिळणेबाबत.

महोदया,

वरील विद्यार्थिनीस दि. २७ सप्टेंबरपासून रजा मिळावी, ही विनंती. परत येण्याची तारीख तिला बरे वाटल्यावर ती स्वतः कळवील. वडिलांची सही खाली आहे. तिला न्यायला मी स्वतः आलो आहे व बाहेर बाकावर बसलो आहे. मला ऐकू कमी येते, तरी हाक न मारता तिलाच पाठवावे.

रजेचे कारण: घरी जावेसे वाटते.

मी बत्तीस वर्षे शिक्षक होतो. एवढे कारण पुरेसे आहे.

आपला,
वसंतराव, निवृत्त प्राथमिक शिक्षक, मुखेड